नकला तीस, स्किट एकही नाही

पत्राचा सारांश: पत्रलेखक २६ वर्षांचा, तासगाव तालुक्यातला. सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार १६ हजार. सातवीत गॅदरिंगला मुख्याध्यापकांची नक्कल केली, तेव्हापासून हा नाद. आज तीसेक आवाज काढतो: निळू फुले, नाना पाटेकर, अशोक सराफ, मकरंद अनासपुरे, शिवाय चार-पाच पुढारी. गणपती, नवरात्र, यात्रा, हळदी, साखरपुडे अशा सुपाऱ्या घेतो. गेल्या वर्षी ३४ कार्यक्रम झाले, एकाचे तीन ते पाच हजार मिळाले. रील्सला ८० हजार फॉलोअर आहेत. मुंबईत दोन ऑडिशन दिल्या. दुसरीत 'आवाज छान आहेत, पण तुझं स्वतःचं काय?' असं विचारून परत पाठवलं. तिथला मित्र म्हणतो, नोकरी सोड आणि माझ्या खोलीवर ये. घरी दोन एकर द्राक्षबाग आणि तिच्यावर कर्ज. वडील 'आमच्या घरात सोंगाड्या नको' म्हणाले, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. लग्न ठरत आलंय, पण मुलीकडच्यांना या कार्यक्रमांचं पुरतं सांगितलेलं नाही. एक साडी दुकानदार एका मोठ्या हिंदी नटाच्या आवाजात जाहिरात मागतोय आणि पैसे चांगले देतोय. विचारतो: 'ताई, नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? आणि नकलाकाराला स्वतःची ओळख कधी मिळते का?'

तुला अरे-तुरे करते. माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

तुझं पत्र सात पानी आहे. साडेतीन पानं वडलांवर, दोन पानं नोकरी आणि मुंबईच्या भाड्यावर, बाकी किरकोळ. त्या ऑडिशनवर फक्त दोन ओळी. पण त्या दोन ओळींत 'स्वतःचं' हा शब्द तू दोनदा गिरवलायस, इतका की पेन कागदात रुतलंय. मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागतं. मला वाटतं, तुझं खरं पत्र तेवढंच आहे. मुंबई, नोकरी, वडील हे सगळं त्याच्याभोवती आलंय. म्हणून आधी तिथंच बोलू.

गेल्या गणपतीत सांगलीच्या गावभागातल्या एका मंडळापुढं मी एका मुलाचा मिमिक्रीचा कार्यक्रम पाहिला. तयारीचा मुलगा होता. पहिला आवाज नानांचा काढला आणि माणसं अशी खूश झाली की मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसरा, तिसरा, चौथा आवाज, टाळ्या येत होत्या. सातव्या-आठव्या आवाजाला माझ्या पुढच्या बाईनं मोबाईल काढला. बाराव्याला खुर्च्या सरकायला लागल्या. त्याचे आवाज शेवटपर्यंत हुबेहूब होते. तो कुठंही कमी पडला नव्हता, तरी लोक गेले.

असं का झालं, याचा मी घरी येऊन बराच विचार केला. नकलेला मिळणारं पहिलं हसू हे ओळख पटल्याचं हसू असतं. 'अरे, हा तर नाना!' हा आनंद खरा आहे, पण तो दहा-पंधरा सेकंदांचा. ओळख पटली की प्रेक्षक मनात विचारतो, बरं, मग? हा नाना आता काय करतोय? कुठं अडकलाय? त्याचं उत्तर तुझ्याकडं नसेल, तर पुन्हा नवा आवाज काढण्यावाचून तुला गत्यंतर नाही. मग तीसाचे चाळीस आवाज करावे लागतात. ऑडिशन घेणाऱ्यानं तुला 'स्वतःचं काय' विचारलं, त्याचा अर्थ तू 'तुला स्वतःचा आवाजच नाही' असा घेतलास. मला तसं वाटत नाही. त्याला हवं होतं ते स्किट. म्हणजे प्रसंग, तुला दिसलेला, तू रचलेला. तुझ्या सात पानांत आवाजांची यादी आहे, कार्यक्रमांची यादी आहे, पण 'मी हे लिहिलंय' असं एक वाक्य नाही.

एक उदाहरण घेऊन बसू. निळूभाऊंचा आवाज तू काढतोस, सगळेच काढतात. तोच पाटील, तोच वाडा, तीच बाई. आता हा माणूस तिथून उचल आणि तुझ्या पतसंस्थेच्या काउंटरवर आणून उभा कर. त्याला ५० हजारांचं कर्ज हवंय. मान तशीच तिरकी, नजर तशीच, दरारा तसाच; आणि काचेपलीकडून तू म्हणतोयस, 'आधार आणि पॅनची झेरॉक्स जोडा, दोन्हीकडं सही करा, आणि जामीनदार दोन लागतील.' आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे उठवून घेतलेल्या माणसाला आता जामीनदार शोधायचाय. तो कुणाला आणेल? गावात त्याला ओळखणारे दोघंच उरलेत, आणि दोघांच्याही जमिनी यानंच गिळल्यात. ते सहीच्या बदल्यात काय मागतील? इथून पुढं तू लिही. बघ, आवाज एकच आहे, पण सात-आठ मिनिटं सहज जातील, कारण आता लोक आवाजाला नाही, त्या माणसाच्या फजितीला हसतायत. आणि पतसंस्थेचं काउंटर मुंबईतल्या कुठल्याही लेखकापेक्षा तुला जास्त माहीत आहे. थकबाकीदार वसुलीवाल्याला बघून कसा रस्ता बदलतो, मार्चअखेरीला चेअरमनची भाषा कशी मऊ होते, हे तुझ्यासमोर रोज घडतं.

आणखी एक विचारते, मनाला लावून घेऊ नकोस. निळूभाऊंचा आवाज तू त्यांचे सिनेमे बघून बसवलास, की दुसऱ्या नकलाकारांचा ऐकून? आपल्याकडं बऱ्याच नकला या नकलेच्या नकला असतात. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलातले. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं. पडद्यावर बायका ज्या माणसाला घाबरायच्या, तो प्रत्यक्षात साधा, विचारांचा पक्का माणूस होता. हे माहीत असलेला नकलाकार त्या आवाजातला थांबा वेगळ्या ठिकाणी घेतो. तेव्हा मूळ माणसाकडं जा. तो श्वास कुठं तोडतो, वाक्याचा शेवट वर नेतो की खाली सोडतो, आवाज नाकातून येतो की छातीतून, बोलण्याआधी काय करतो, हे बघ. पुढाऱ्यांच्या नकलेत तर बोलण्याआधीचे दोन सेकंदच सगळं सांगतात.

तुझ्या यादीत आर. आर. आबांचा आवाज आहे. तो तू तासगावात काढलास तेव्हा लोक आधी गप्प झाले आणि मग हसले, असं तू लिहिलंयस, आणि तुला ते खटकलं. मला ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. आबा २०१५ साली गेले. अंजनीच्या त्या माणसाचा आवाज पुन्हा कानावर पडल्यावर त्याच्याच तालुक्यातली माणसं गप्प होणार नाहीत तर काय होतील? ती शांतता तुझ्या नकलेला मिळालेली दाद होती. तिला घाबरून लगेच पुढचा पंच मारू नकोस, तिला जागा दे.

आता 'सोंगाड्या' या शब्दाबद्दल. वडलांनी तो शिवीसारखा वापरला आणि तूही तो तसाच घेतलास. आपण सांगली जिल्ह्यातली माणसं आहोत रे. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो; भाव्यांच्या खेळांतही विदूषक होताच. तू सांगलीला कामावर येतोस त्या रस्त्यावर कवलापूर लागतं. तमाशातले काळू-बाळू तिथले. जुळे भाऊ, आणि हवालदारांच्या त्या जोडीनं अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. सोंगाड्याकडं आवाज थोडे असतात, पण हजरजबाबीपणा दांडगा. ज्या गावात खेळ, त्या गावची बातमी दुपारीच काढून ठेवायची आणि रात्री बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांत, तिला जागा करून द्यायची. मी लहान असताना आमच्या वाड्यात बहुरूपी यायचा, खाकी ड्रेस, हातात जाडजूड वही. 'तुमच्यावर वॉरंट हाय' म्हणून माझ्या आजोबांना दरडावायचा. आजोबांचं नाव, धंदा, थकलेली घरपट्टी सगळं त्यानं आधी शेजारी विचारून आणलेलं असायचं. आजोबा हसून पायली-दीड पायली ज्वारी घालायचे. ड्रेस कुणीही घालेल. हसू यायचं ते त्या घरपट्टीमुळं. तुझ्या कार्यक्रमात ती घरपट्टी कुठं आहे, हे मी शोधतेय.

वडील मात्र परंपरेच्या गोष्टींनी बधणार नाहीत, आणि बधू पण नयेत. त्यांना तुझी कला आवडत नाही असं तू धरून चाललायस. तूच लिहिलंयस की सातवीतल्या त्या गॅदरिंगला ते सायकलवरून आले होते आणि घरी येऊन तुझ्या आईला सगळी नक्कल सांगितली होती. मग हा माणूस नकलेच्या विरोधात कसा? माझा अंदाज असा, की त्यांना भीती आहे ती दोन बेभरवशाचे धंदे एका घरात येण्याची. एक अवकाळी आणि दलालानं बुडवलेला एक हिशेब याच्यावर ज्याचं वर्ष ठरतं, त्याला पोराचा १६ हजारांचा पगार म्हणजे घरातली एकमेव पक्की तारीख. ती तारीख तू काढून घेतोयस.

त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत एक मणी दिसत नाही, तरी खर्च चालू असतो, कारण पुढचा घड त्या काडीतच तयार होत असतो. फळ ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ते तुझा रोख ओळखून विचारतील, 'तुझी काडी कुठाय?' त्या वेळी तुझ्या हातात वही पाहिजे. रील्सचे आकडे दाखवू नकोस, ते त्यांना कळणार नाहीत; आणि खरं सांगायचं तर ८० हजारांतले किती जण तिकीट काढून भावे नाट्यमंदिरात येतील, हे तुलाही माहीत नाही.

वहीत काय असावं? ३४ कार्यक्रम, सरासरी चार हजार धरले तर १ लाख ३६ हजार. पगाराचे १ लाख ९२ हजार. कार्यक्रमांच्या पैशांतून पेट्रोल, साउंडवाल्याचे, 'पुढच्या खेपेला देतो' म्हणून बुडवलेले वजा कर. कुठल्या महिन्यात किती हेही लिही, कारण माझ्या मते बरेचसे गणपती-नवरात्र आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांचे असतील आणि पावसाळा कोरडा. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचा पूर सांगली शहरात आला, २०२० ला तर सगळंच बंद होतं. स्टेजवर पोट असलेल्या माणसांचे ते दिवस मी जवळून पाहिलेत. माझं मत स्पष्ट आहे: लागोपाठ दोन वर्षं, पावसाळ्यासकट, कार्यक्रमांचे निव्वळ पैसे पगाराला गाठत असतील आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल, तरच राजीनामा. तोवर नाही. जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होते, साहेबांच्या नकला करायचे, त्यावरूनच ते नाव पडलं. स्टेजचे कार्यक्रम भरपूर मिळायला लागल्यावर १९८१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. भाऊ कदमांनी नाटकं करता करता पानाची टपरी चालवली. यांच्यातल्या कुणी पोट सांभाळलं म्हणून त्यांची कला कमी झाली नाही.

इसाराचं तेवढं आजपासून कर. सुपारी ठरली की निम्मे पैसे आधी, आणि वेळ, माईक, किती मिनिटं हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून. ओळखीच्या मंडळाकडूनसुद्धा.

मुंबईबद्दल वेगळं काय सांगू? ऑडिशन असेल तेव्हा रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकड, सकाळी सीएसएमटीला उतर, काम करून रात्री परत फीर. एक रजा जाते. त्यासाठी खोली लागत नाही. मित्राच्या खोलीवर राहून तू रोज काय करशील, याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. लिहिशील म्हणत असशील, तर ते तासगावातही होतं. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम तू बघतोस. 'हास्यजत्रा' असो की 'हवा येऊ द्या', तिथं लेखक असतात, जोड्या असतात, तालमी असतात. एकटा माणूस आवाजांची पेटी घेऊन गेला तर त्याला तिथं पाहुणा म्हणून दोन मिनिटं मिळतील. म्हणून इथंच एक लिहिणारा आणि एक समोर उभा राहणारा जोडीदार शोध. आणि यंदा एखाद्या हौशी संस्थेत जा, राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर दरवर्षी त्यांची नाटकं होतात. दिग्दर्शकाला सांग, मला अशी भूमिका द्या जिथं कुणाचाच आवाज चालणार नाही. पहिले पंधरा दिवस तुझ्या तोंडून दर तिसऱ्या वाक्याला नाना डोकावतील. मी हे होताना पाहिलंय. आमच्या तालमीत एक चांगला नकलाकार होता, त्याला साधं 'आई, मी येतो' म्हणता येईना, प्रत्येक वेळी कुणीतरी दुसराच घरातून निघायचा. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, आणि विंगेत उभी असलेली मुलगी रडली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच देता येतं.

साडीवाल्याला नाही म्हण. स्टेजवर विनोदानं आवाज काढणं वेगळं आणि माल खपवायला तो वापरणं वेगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज, अगदी 'झकास'सुद्धा विनापरवानगी धंद्यासाठी वापरायला मनाई केली. विडंबन आणि टीकेला जागा आहे, हेही त्याच आदेशात आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांचा आवाज एआयनं बनवणाऱ्यांना रोखलं. जाहिरात अंगलट आली तर दुकानदार तुझं नाव पुढं करील. आणि एआयचा विषय निघालाच आहे तर: हुबेहूब आवाज आता मशीनही काढतं. पण मशीनला तुझ्या चेअरमनची मार्चअखेर माहीत नाही.

पुढारी आणि बुवा-महाराजांबाबत सावध राहा, पण घाबरून सोडू नकोस. २०१६ च्या जानेवारीत विनोदी नट किकू शारदाला एका बाबाच्या नकलेवरून अटक झाली होती. माणूस काय बोलतो, काय करतो, यावर बोल. त्याची जात, त्याचं व्यंग, त्याची बायको यावर नाही. तुझ्या एका रीलमध्ये तोतरं बोलणारा शिपाई आहे. त्याला खूप व्ह्यूज आहेत हे मी पाहिलं. ते काढून टाक. तो शिपाई तुझ्याच शाखेत चहा देतो ना?

घशाचं एक. तू लिहितोस की कार्यक्रमानंतर दोन दिवस आवाज बसतो. घसा दाबून काढलेले करडे आवाज स्वरयंत्रावर ताण आणतात, तेच वर्षानुवर्षं केलं तर तिथं गाठी येऊ शकतात. मिरजेला जाऊन एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. दाबाचे आवाज कार्यक्रमात लागोपाठ ठेवू नकोस, मध्ये हलके घाल.

त्या मुलीला साखरपुड्याआधी सांग. घरच्यांमार्फत नको, तू स्वतः. तिला एखाद्या कार्यक्रमाला बोलव आणि पुढच्या रांगेत नको, मध्ये कुठं तरी बसव, म्हणजे लोक काय बोलतात ते तिच्याही कानावर पडेल. रात्री दोनला घरी येणारा नवरा तिला चालणार आहे का, हे ठरवायचा हक्क तिचा आहे.

आणि एक राहिलं. तुझ्या तीस आवाजांच्या यादीत नट आहेत, पुढारी आहेत, मुख्याध्यापक आहेत. वडील नाहीत. बागेत औषध मारताना ते पंपाशी काय बोलतात, दलालाचा फोन आला की आवाज कसा बदलतो, तुझ्यावर चिडले की कुठल्या शब्दावर थांबतात, हे तू २६ वर्षं ऐकतोयस. त्यांच्यावर एक पान लिही. कुणाला दाखवायचं नाही, रील करायचं नाही. लिहून झालं की संध्याकाळी बागेत जा, ते जिथं बसतात तिथं बस, आणि विचार, 'आण्णा, त्या गॅदरिंगला तुम्ही घरी येऊन आईला काय सांगितलं होतं?'

पतसंस्थेचं स्किट झालं की मला पाठव. चेअरमनचं नाव काढून.